इंकजेट प्रिंटरचं हेड: थर्मल की पिझो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रिंटर घेताना पानाला किती पैसे पडतात, वाय-फाय आहे का, स्कॅनर आहे का, हे सगळं विचारलं जातं. आत हेड कोणतं आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. वर्ष-दोन वर्षांनी तक्रार येते ती मात्र बहुतेक वेळा हेडचीच. दुरुस्तीच्या टेबलावर आणि दुकानाच्या काउंटरवर सतत कानावर पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. प्रिंटर घेण्याआधी हे वाचलंत तर बरंच. घेतला असेल तरी तो टिकवायला उपयोग होईल.

हेड म्हणजे प्रिंटरमधला नेमका कोणता भाग?

कागदावरून डावीकडे-उजवीकडे धावतं ते कॅरेज. त्याच्या तळाशी, कागदाकडे तोंड करून बसलेली लहानशी पट्टी म्हणजे हेड. या पट्टीवर केसाहून बारीक भोकं असतात, ती नोझल. १९८४ मध्ये एचपीने थिंकजेट आणला तेव्हा त्याच्या हेडवर १२ नोझल होते. आज एप्सन एल३११० सारख्या साध्या घरगुती इंक टँक (म्हणजे बाटलीने टाकीत शाई भरायच्या) प्रिंटरच्या हेडवर काळ्यासाठी १८० आणि तीन रंगांसाठी प्रत्येकी ५९ नोझल असतात. त्यातून उडणारा सर्वांत लहान थेंब ३ पिकोलिटरचा, म्हणजे जेमतेम १८ मायक्रॉन व्यासाचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्या बारीक भोकात धुळीचा एक कण किंवा वाळलेल्या शाईचा पापुद्रा अडकला की काम थांबतं.

शाई कुठे साठवली आहे आणि हेड कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, काहींत ते कॅरेजमध्ये कायमचं बसवलेलं असतं आणि शाई नळ्यांतून येते. पुढच्या बहुतेक उत्तरांत हा फरक पुन्हा पुन्हा येणार आहे.

थर्मल हेड कसं चालतं?

प्रत्येक नोझलच्या मागे शाईची एक सूक्ष्म कोठडी असते आणि तिच्यात एक हीटर. त्याला विजेचा क्षणिक झटका दिला की काही मायक्रोसेकंदांत त्याचा पृष्ठभाग ३०० अंशांच्या वर जातो. हीटरला चिकटलेल्या शाईच्या अगदी पातळ थराची वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि समोरची शाई भोकातून बाहेर ढकलतो. बुडबुडा विरला की रिकाम्या जागेत नवी शाई आपोआप ओढली जाते. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. सगळी शाई उकळते असा अनेकांचा समज असतो, पण तापतो तो फक्त हीटरलगतचा थर.

ही युक्ती सापडली ती अपघाताने. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. इचिरो एन्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातूनच बबल जेट घडवलं. जवळपास त्याच काळात एचपीनेही स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधलं होतं.

थर्मल हेड सिलिकॉनच्या चिपसारखं छापून बनवता येतं, त्यामुळे ते स्वस्त पडतं. इतकं स्वस्त, की कार्ट्रिजसोबत फेकून द्यायला परवडतं. पण दर थेंबाला हीटर तापतो, बुडबुडा कोसळताना त्यावर धक्का बसतो आणि शाईतल्या घटकांची करपलेली पुटं हळूहळू साचतात. म्हणजे थर्मल हेड वापराने झिजतं. हा त्याचा स्वभावच आहे, तो दोष समजू नये.

पिझो हेडमध्ये काय वेगळं असतं?

तिथे उष्णता नाही. काही स्फटिकांना विजेचा दाब दिला की ते किंचित आकार बदलतात. हा गुण क्युरी बंधूंनी १८८१ मध्ये प्रयोगाने दाखवून दिला. पिझो हेडमध्ये शाईच्या कोठडीची एक भिंत अशा पदार्थाने हलवली जाते. भिंत आधी जराशी मागे जाते, शाई आत ओढली जाते, मग भिंत पुढे येते आणि थेंब सुटतो. ही हालचाल मायक्रॉनच्या अंशाइतकी असते, तरी तेवढी पुरते.

विजेच्या स्पंदाचा आकार बदलला की त्याच नोझलमधून लहान, मध्यम किंवा मोठा थेंब काढता येतो. साध्या थर्मल हेडमध्ये थेंबाचं माप नोझल आणि हीटर किती मोठे आहेत यावर ठरतं; वेगवेगळे थेंब हवे असतील तर वेगवेगळ्या मापाचे नोझल ठेवावे लागतात. शिवाय पिझोमध्ये शाईची वाफ व्हावी लागत नाही, त्यामुळे शाई पाण्याचीच असली पाहिजे ही अट उरत नाही. फ्लेक्स, कापड, टाइल्स, काच यांवरच्या छपाईत पिझो हेडच का दिसतात, याचं मोठं कारण हेच.

कोणत्या कंपनीच्या प्रिंटरमध्ये कोणतं हेड असतं?

घर आणि ऑफिसच्या प्रिंटरपुरतं सांगायचं तर एचपी आणि कॅनन थर्मल, एप्सन आणि ब्रदर पिझो. एप्सनने मायक्रो पिझो हेड १९९३ मध्ये स्टायलस ८०० या प्रिंटरमध्ये आणलं आणि पुढे २०१३ मध्ये त्याची प्रिसिजनकोर ही पातळ थराची नवी पिढी काढली.

इंक टँक म्हटलं की पिझोच असणार, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. कॅननची जी सीरिज आणि एचपीचे स्मार्ट टँक हेही इंक टँकच, पण त्यांची हेड थर्मल आहेत. कॅरेज उघडून पाहा: काळ्या शाईचं एक आणि रंगीत शाईचं एक, अशी कार्ट्रिजसारखी दिसणारी दोन हेड बसवलेली दिसतील. ती काढून दुसरी बसवता येतात. एप्सनमध्ये असं काही हाताला लागत नाही.

मग चांगलं कोणतं, ते एकदाच सांगा ना!

सांगतो, पण आधी दोन गोष्टी तुम्ही सांगा. प्रिंट किती दिवसांच्या अंतराने काढणार? आणि उद्या हेड गेलं तर ते कोण बदलणार?

रोज पानं निघत असतील, म्हणजे झेरॉक्सचं दुकान, सेवा केंद्र, क्लास, सीएचं ऑफिस, तर माझं मत सरळ पिझो इंक टँकच्या बाजूने आहे. हेड वापराने झिजत नाही, रोज चालल्यामुळे शाई वाळत नाही आणि पानाचा खर्च खाली राहतो. नीट सांभाळलेली पिझो हेड वर्षानुवर्षं उत्तम चालताना मी पाहिली आहेत.

प्रिंट महिन्यातून दोन-चारच निघणार असतील, मुलांच्या प्रोजेक्टपुरत्या किंवा कधीतरी आधार कार्डाची प्रत, तर बदलता येईल असं थर्मल हेड घ्या. वाळलं तर वाळलं, नवीन कार्ट्रिज टाकली की नवीन हेड मिळतं. एचपी ८०३ किंवा ६८०, कॅनन पीजी-७४५ अशा कार्ट्रिज वापरणारे प्रिंटर या कामाला योग्य आहेत. पानाचा खर्च जास्त पडतो हे खरं, पण महिन्याच्या चार पानांत त्याने फरक पडत नाही. आणि रंग लागतच नसेल तर इंकजेटचा विचार सोडा, लहान लेझर घ्या. टोनर भुकटीचा असतो, तो वाळत नाही.

दुकानदार सगळ्यांच्या हातात तोच एक इंक टँक देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वर्षाला ५० पानं काढणाऱ्या घरी पिझो टँक गेला, तर बाटलीतली शाई वापरून संपण्याआधीच हेड वाळण्याची पाळी येते.

फोटोसाठी पिझोच हवं का?

नाही. कॅननची मोठी व्यावसायिक फोटो प्रिंटर थर्मल आहेत आणि त्यांच्या छपाईत खोट काढायला जागा नाही. घरगुती पातळीवर फरक पडतो तो थेंबाचं माप आणि रंगांची संख्या यांमुळे. एप्सन एल८०५ मध्ये सहा रंग आणि १.५ पिकोलिटरचा थेंब आहे, म्हणून त्याच कंपनीच्या चार रंगांच्या, ३ पिकोलिटरच्या प्रिंटरपेक्षा त्यावर चेहऱ्याची त्वचा मऊ दिसते, दाणेदार वाटत नाही. पासपोर्ट फोटोच्या धंद्यात हे लगेच डोळ्यांत भरतं. कागदाचा वाटाही तितकाच मोठा आहे. साध्या झेरॉक्स कागदावर कुठलंही हेड जादू करू शकत नाही.

मराठी मजकुराची शिरोरेषा मध्येच गायब होते. हेड गेलं का?

बहुधा गेलं नाही, एखाद-दुसरा नोझल बंद आहे. कॅरेज आडवं धावतं, म्हणून बंद नोझल कागदावर आडवी पांढरी रेघ सोडतो. इंग्रजी अक्षरात ती रेघ कुठेतरी पोटातून जाते आणि सहज नजरेत येत नाही. देवनागरीत मात्र ती नेमकी शिरोरेषेवर पडली तर अख्ख्या ओळीची शिरोरेषा पुसली जाते, ‘घ’ आणि ‘ध’ सारखे दिसू लागतात. ड्राफ्ट म्हणजे घाईच्या, कमी शाईच्या छपाईत हेड एका जागेवरून एकदाच जातं, म्हणून दोष ठळक दिसतो. हाय क्वालिटीत तीच जागा दुसरे नोझल पुन्हा भरून काढतात, म्हणून तो झाकला जातो.

खात्रीसाठी नोझल चेक, म्हणजे प्रिंटरचं चाचणीचं पान काढा. एप्सनच्या पानावर प्रत्येक रंगाच्या तुटक रेघांची पायऱ्यापायऱ्यांची जाळी येते. त्यातली प्रत्येक छोटी रेघ म्हणजे एक नोझल. जाळीत मध्येच फट दिसली तर तो नोझल शाई सोडत नाही. जाळी पूर्ण आहे, पण पानावर उभ्या रेघा दुहेरी किंवा वेड्यावाकड्या दिसताहेत, तर हेड स्वच्छ आहे. अलाइनमेंट, म्हणजे हेडची जुळणी बिघडली असेल किंवा कॅरेजमागच्या, त्याची जागा मोजणाऱ्या पारदर्शक एन्कोडर पट्टीवर शाई-ग्रीस लागलं असेल. अशा वेळी क्लीनिंगवर क्लीनिंग (म्हणजे प्रिंटरने शाई ओढून नोझल साफ करणं) मारणं म्हणजे नुसती शाई वाया घालवणं.

पिवळ्याची जाळी पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाही. मोबाइलचा निळा स्क्रीन जवळ धरला की ती स्पष्ट होते.

हेड चोक का होतं?

मुख्य कारण: नोझल उघडे राहणं. प्रिंटरच्या बटणाने बंद केला की कॅरेज एका टोकाला जातं आणि खालून रबराची कॅप वर येऊन नोझल झाकते. शाईपेनाला टोपण लावावं तसंच. बोर्डावरचं बटण थेट बंद केलं, किंवा छापता छापता लाइट गेली, तर कॅरेज अर्ध्या वाटेवर उघडं पडतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात नोझलच्या तोंडाशी शाई घट्ट व्हायला फार वेळ लागत नाही. कोकणात दमट हवेमुळे हा त्रास कमी, पण तिथे पावसाळ्यात कागद ओला होऊन फुगतो, हेडला घासतो आणि त्याचे तंतू नोझलला चिकटतात.

म्हणून लाइट आली की प्रिंटर एकदा चालू करा, कॅरेज आपल्या जागेवर जाऊ द्या आणि मग त्याच्याच बटणाने बंद करा. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान काढा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जाणार असाल, तर घरी राहणाऱ्या कुणाला तरी हे सांगून जा.

क्लीनिंग किती वेळा करावं?

तीनदा, आणि दर वेळी नोझल चेक काढून. तीनदा करूनही जाळी भरली नाही तर थांबा. एप्सन अशा वेळी किमान १२ तास प्रिंटर तसाच ठेवायला सांगतं, कॅनन डीप क्लीनिंगनंतर २४ तास. हे अगदी खरं काम करतं. या वेळात वाळलेली शाई ओल्या शाईने मऊ होते आणि आत अडकलेले हवेचे बुडबुडे बसतात. लोकांना दम निघत नाही, सलग दहा-बारा क्लीनिंग होतात आणि ती सगळी शाई वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये जाते. पॅड भरला की प्रिंटर चालायलाच नकार देतो. म्हणजे हेड राहिलं बाजूला, दुसरंच काम निघतं.

घरच्या घरी हेड साफ करता येईल का?

कार्ट्रिजचं थर्मल हेड असेल तर खुशाल करा. टिश्यू पेपरची घडी कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओली करा, कार्ट्रिज नोझलच्या बाजूने तिच्यावर ठेवून काही सेकंद हलका दाब द्या, मग उचला. रंगीत कार्ट्रिज असेल तर टिश्यूवर निळा, गुलाबी आणि पिवळा असे तीन वेगळे पट्टे उमटले पाहिजेत. एक पट्टा आलाच नाही तर तो रंग चोक आहे किंवा संपला आहे. पट्टे एकमेकांत मिसळलेले दिसले तर कोरड्या टिश्यूवर पुन्हा ठेवा. कार्ट्रिजवरच्या तांब्याच्या ठिपक्यांना (वीज जोडणीच्या जागांना) बोट लावू नका. ते ओले असतील तर कार्ट्रिज पूर्ण वाळल्यावरच बसवा.

पिझो हेडला मात्र जपून. सिरिंजने जोरात पाणी मारायचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. त्या दाबाने आतला पातळ पडदा फाटू शकतो आणि एका रंगाची शाई दुसऱ्याच्या वाटेत शिरते. त्याहून वाईट म्हणजे पाणी वर चढून हेडच्या चपट्या केबलच्या टोकापाशी पोचतं आणि तसंच चालू केलं की शॉर्ट होतं; हेडसोबत मदरबोर्डही जातो. फार तर क्लीनिंग लिक्विडने भिजवलेली मऊ कापडाची घडी हेडखाली रात्रभर ठेवा. त्यापुढचं काम जाणकाराकडे द्या. नळाचं पाणी दोन्हींना नको, त्यातले क्षार नोझलमध्येच बसतात.

शाई संपल्यावरही प्रिंट चालू ठेवली तर?

दोन्ही हेडचं नुकसान होतं, फक्त तऱ्हा वेगळी. थर्मल हेडमध्ये हीटरला थंड करणारी शाईच नसते, तो कोरडा तापतो आणि जळतो. पिझोमध्ये काही जळत नाही, पण नळ्यांत आणि कोठडीत हवा शिरते. हवा दाबली जाते, शाई दाबली जात नाही. म्हणून भिंतीने दिलेला धक्का हवेतच जिरतो आणि थेंब सुटत नाही. टाकीवरच्या खालच्या खुणेच्या आत शाई जाऊ देऊ नका, एवढा साधा नियम आहे.

कॉफी मग आणि टी-शर्टसाठीची सब्लिमेशन शाई (उष्णतेने कागदावरून वस्तूवर उतरवायची) कोणत्याही प्रिंटरमध्ये चालते का?

बाजारात मिळणारी सब्लिमेशन शाई पिझो हेडसाठी बनवलेली असते. म्हणून या धंद्यात एप्सनच दिसतात. थर्मलमध्ये ती टाकू नका. आणि एकदा सब्लिमेशन भरलेला प्रिंटर पुन्हा कागदपत्रांसाठी वापरायचा बेतही नको.

पावसात हॉल तिकिटावरची शाई पसरली. हेडमुळे का?

नाही, शाईमुळे. डाय शाई पाण्यात विरघळते, पिगमेंट शाईचे कण कागदावर बसून राहतात. कॅनन जी सीरिजची काळी शाई पिगमेंट आहे. एप्सन एल३११० ची ००३ काळी डाय आहे. जून-जुलैत प्रवेशाचे अर्ज छापणाऱ्यांनी प्रिंटर घेतानाच हे पाहावं.

फ्लेक्स मशीनचं हेड आणि घरच्या प्रिंटरचं हेड एकाच जातीचं का?

घरचा प्रिंटर एप्सन किंवा ब्रदरचा असेल तर जात एकच, पिझो. पण ताकद निराळी. चौकातले वाढदिवसाचे आणि गणेशोत्सवाचे फ्लेक्स ज्या सॉल्व्हंट मशीनवर (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकाची शाई वापरणाऱ्या) निघतात, त्यांत कोनिका मिनोल्टाचं ५१२ नोझलचं हेड फार चालतं. त्याचा थेंब १४ किंवा ४२ पिकोलिटरचा. ४२ म्हणजे घरच्या प्रिंटरच्या १४ पट शाई एका थेंबात. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्यामुळे मोठा थेंब चालतो आणि मशीन भराभर पळतं. जवळून वाचायचे स्टिकर आणि व्हिनाइल इको सॉल्व्हंट मशीनवर काढतात. तिथे एप्सनची एक्सपी६०० किंवा ३२०० नोझलची आय३२०० ही हेड दिसतात. एक्सपी६०० स्वस्त आहे, नवीन धंद्याला ठीक. रोज तासन्‌तास मशीन चालणार असेल तर आय३२०० चा खर्च वसूल होतो. या मशीनचं हेड हाच सगळ्यांत महागडा भाग असतो, म्हणून जुनं मशीन घेताना रंग-रूप बघू नका, आधी नोझल चेक मागा.

पाण्याच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांनी छापलेली तारीख कुठल्या हेडची?

बहुतेक वेळा तिसऱ्याच प्रकाराची, सलग धारेच्या इंकजेटची. त्यात नोझलमधून शाईची धार सतत सुटत असते आणि कंपनामुळे तिचे सारखे थेंब होतात. हव्या त्या थेंबांना विद्युतभार देऊन दोन पट्ट्यांमधून वळवलं जातं, ते बाटलीवर बसतात. उरलेले एका नळीत पडून पुन्हा टाकीत जातात. हेड बाटलीला टेकतही नाही आणि बाटल्या वाहून नेणारा पट्टा वेगाने धावत असला तरी चालतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीला आकार दिला. शाई झटकन वाळणाऱ्या सॉल्व्हंटची असते, म्हणून प्लास्टिकवरही टिकते. घरी याचा उपयोग नाही, पण लोणची-मसाले भरणाऱ्या लहान उद्योगांतून याची विचारणा बरीच होते. रोजची पाकिटं थोडी असतील, तर थर्मल कार्ट्रिजवर चालणारं हातात धरायचं कोडिंग मशीन (तारीख छापण्याचं) घ्या, पुरेल.

न हलणारं हेड असतं म्हणे?

असतं. पानाच्या रुंदीएवढं हेड जागेवर स्थिर, कागद फक्त खालून सरकतो. एचपीने २०१३ मध्ये ऑफिसजेट प्रो एक्समध्ये असं ४२,२४० नोझलचं थर्मल हेड दिलं. एप्सनने पिझोमध्ये तेच करून मिनिटाला १०० पानांचा वेग गाठला. घरासाठी नाही.

हेड गेलंच. बदलावं की नवीन प्रिंटर घ्यावा?

कार्ट्रिजवाला असेल तर प्रश्नच नाही, कार्ट्रिज बदला. कॅनन जी सीरिज किंवा एचपी स्मार्ट टँक असेल तर आधी काळं गेलंय की रंगीत, ते तपासा आणि तेवढंच हेड घ्या; बसवायला कारागीर लागत नाही. एप्सन किंवा ब्रदरचं पिझो हेड मात्र प्रिंटरच्या किमतीचा मोठा हिस्सा खातं, वर बसवण्याची मजुरी. प्रिंटर जुना असेल, वेस्ट पॅड भरत आला असेल, कागद ओढणारे रोलर गुळगुळीत झाले असतील, तर हेडवर पैसे घालू नका. प्रिंटर दोन वर्षांच्या आतला असेल आणि बाकी अंग धड असेल, तर बदला. पण कुणी थेट ‘हेड गेलं’ म्हणालं तर आधी समोर नोझल चेक काढून घ्या आणि कॅप, डॅम्पर (हेडच्या तोंडाशी शाई पुरवणारी छोटी डबी), पंप तपासले का ते विचारा. कॅप फाटली असेल तर क्लीनिंगला ओढच लागत नाही आणि चांगलं हेडही मेल्यासारखं वाटतं. कॅप बदलायला हेडच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्च येतो.